धर्मग्रामाच्या सभागृहात सभासदांच्या कलाकृतींचे फिरते प्रदर्शन: नियम कसे ठरवावेत?

प्रश्न: माडाची सावली (वसई)

नमस्कार. वसई तालुक्यातील आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या कॅथलिक समाजाच्या) सभागृहाची दुरुस्ती व रंगकाम नुकतेच पूर्ण झाले असून त्याची देवळाच्या (म्हणजे चर्चच्या) बाजूची लांब भिंत, जिच्यावर पूर्वी देणगीदारांच्या नावांच्या पाट्या आणि जुन्या कार्यक्रमांचे पिवळे पडलेले फोटो होते, ती आता पूर्ण मोकळी झाली आहे. या भिंतीवर धर्मग्रामातील सभासदांच्या कलाकृती आळीपाळीने मांडाव्यात, म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी एकाची कामे उतरवून दुसऱ्याची लावावीत, अशी सूचना पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत आली आणि तत्त्वतः ती सर्वांना पसंतही पडली. रविवारच्या मिस्सेनंतर (उपासनेनंतर) लोक सभागृहात चहाला थांबतात, धर्मशिक्षणाचे वर्ग तेथेच भरतात, त्यामुळे प्रेक्षक शोधायला बाहेर जावे लागणार नाही.

कलावंतांचीही वानवा नाही. एक निवृत्त चित्रकला शिक्षक जलरंगात वसईच्या किल्ल्याची आणि बावखलांची (आमच्याकडच्या छोट्या तळ्यांची) चित्रे काढतात. सुतारकाम करणारे एक गृहस्थ सागवानात क्रूस आणि संतांच्या छोट्या मूर्ती कोरतात. परिचारिका असलेल्या एक ताई मिठागरांवर उतरणाऱ्या पक्ष्यांचे फोटो काढतात. आणि वेदीवरच्या कापडाला क्रोशाची झालर विणणाऱ्या स्त्रिया तर प्रत्येक आळीत आहेत.

अडचण पुढे आहे. कौन्सिलमधील काहींचे म्हणणे असे की, भिंत सर्वांच्या डोळ्यांसमोर राहणार असल्याने दर्जा पाहून निवड व्हावी व त्यासाठी बाहेरचा परीक्षक नेमावा. इतरांचे म्हणणे असे की, धर्मग्राम सर्वांचा आहे, तेव्हा जो आणील त्याचे लावावे. फादरांनी विषयाबाबत एक शंका काढली आहे, ती अशी की धार्मिक चित्रे लावायची झाल्यास कोणती चालतील आणि निधर्मी विषयांची चित्रे अजिबात लावायची की नाही. शिवाय आमच्याकडचा पाऊस आपण सर्व जाणताच. ज्यांच्या चर्चमध्ये असा उपक्रम चालतो किंवा चालत होता, त्यांनी अनुभव लिहावेत. पहिले चित्र लागण्याआधीच नियम कागदावर आणण्याचा विचार आहे.

उत्तर: रंगपेटी (मुंबई)

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि विद्यार्थ्यांची व हौशी चित्रकारांची प्रदर्शने लावण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे येत असते, म्हणून आधी भिंतीविषयी लिहितो. निवडीचा वाद इतर मंडळी सोडवतीलच.

फिरते प्रदर्शन म्हटले की दर वेळी चित्रांचे आकार बदलणार, आणि प्रत्येक बदलाला नवे खिळे ठोकत गेलात तर वर्षभरातच त्या नव्या रंगाची चाळण होईल. त्याऐवजी छताखाली फूटभर जागा सोडून भिंतीच्या पूर्ण लांबीला ॲल्युमिनियमची पिक्चर रेल एकदाच बसवून घ्यावी. तिच्यात सरकणारे हूक असतात, त्यांतून बारीक पोलादी तार खाली सोडता येते आणि तारेवर चित्र हवे त्या उंचीवर अडकवता येते. रेल बसवण्याआधी भिंत भाजलेल्या विटेची आहे की पोकळ सिमेंट ब्लॉकची, हे सुताराला तपासायला सांगावे, कारण पोकळ ब्लॉकमध्ये साधी गिट्टी (स्क्रू पक्का धरणारा प्लग) काही दिवसांत सैल होते आणि मग रेलच खाली येते. प्रत्येक चित्र दोन तारांवर टांगावे. एका तारेवरचे चित्र पंख्याच्या वाऱ्याने रोज तिरके होते आणि ते सरळ करण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

उंचीचा साधा हिशेब असा की चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा. लहान-मोठी चित्रे शेजारी असतील तेव्हा वरच्या कडा जुळवण्याचा मोह होतो. तो टाळून मध्य जुळवावेत. आपल्याकडच्या सभागृहांत चित्रे हमखास फार वर लावली जातात, बहुधा महापुरुषांच्या तसबिरी लावण्याच्या सवयीमुळे, आणि मग जलरंगातले बारीक काम कोणालाच दिसत नाही.

प्रकाशाबद्दल. जलरंग, छापील फोटो व कापड यांना संग्रहालयांत साधारण ५० लक्स (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) आणि तैलरंग वा ॲक्रिलिकला २०० लक्सपर्यंत प्रकाश देण्याचा प्रघात आहे. एवढी काटेकोरपणाची अपेक्षा सभागृहाकडून कोणी करणार नाही, पण दुपारचे ऊन ज्या भागावर थेट पडते तो भाग कागदी कामांसाठी वापरू नये, इतके तरी पाळावे.

आता पाऊस. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरू लागते, आणि जून ते सप्टेंबर तुमच्याकडे ती त्याहून कितीतरी वर असते. बुरशीचे तांबूस ठिपके एकदा जलरंगाच्या कागदात उतरले की पुसून जात नाहीत. ओल्या बोळ्याने पुसायला गेले तर रंगच उचलला जातो आणि आकाशाच्या जागी पांढरा डाग राहतो. म्हणून कागदावरची सर्व कामे नोव्हेंबर ते मे या काळात लावावीत आणि पावसाळा लाकूडकाम व विणकामासाठी राखून ठेवावा. चित्राचा कागद काचेला टेकता कामा नये, मध्ये माउंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) जाडी हवीच. फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाच्या लाकडाचे छोटे तुकडे चिकटवले की भिंत आणि फ्रेम यांमध्ये हवा खेळती राहते. फ्रेमवाल्याला सांगितले तर तो हे काम चहाच्या पैशांत करून देतो. क्रोशाच्या कामाला खळ दिलेली असेल तर टांगण्यापूर्वी ती धुऊन काढावी. कसरीला खळ फार आवडते.

एक विचारायचे राहिले. सभागृहात लग्ने होतात का? होत असतील तर जेवणाच्या बाजूची भिंत सोडून द्या. कढईच्या तेलकट वाफेचा थर काचेवर बसलेला पुसता येतो, उघड्या कॅनव्हासवर बसलेला येत नाही.

उत्तर: अक्षरवाट (अहिल्यानगर)

प्रभूमध्ये सलाम. आमची मंडळी (चर्चचा समुदाय) प्रोटेस्टंट परंपरेतली असल्यामुळे उपासनेच्या जागेत चित्रे लावण्याचा प्रश्न आमच्याकडे उद्भवत नाही, परंतु शेजारच्या सभागृहात आम्ही आळीपाळीने प्रदर्शन मांडतो. त्याची सुरुवात सुलेखनापासून झाली. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आमच्याच गावाशी जोडलेले असल्याने त्यांच्या अभंगांच्या ओळी आणि स्तोत्रसंहितेतील वचने तरुण संघाच्या मुलांनी बोरूने लिहिली होती. पुढे चित्रे, फोटो, मातीकाम आले.

निवडीविषयी माझे मत स्पष्ट आहे: माणूस नाकारायचा नाही, त्याच्या कामांमधून निवड मात्र अवश्य करायची. बाहेरचा परीक्षक आणून मंडळीतल्या एखाद्या आजोबांना तुमचे चित्र भिंतीच्या लायकीचे नाही असे कळवले, तर ते आजोबा पुढच्या रविवारी उपासनेला येतील, पण चहाला थांबणार नाहीत. दुसऱ्या बाजूने, जे जे आणले ते सर्व लावले तर भिंतीचा बाजार होतो आणि चांगले कामही त्या गर्दीत हरवते. आम्ही ज्याची पाळी असेल त्याला जागेला पुरतील त्याच्या दुप्पट कामे आणायला सांगतो आणि त्याला बरोबर घेऊनच त्यांतली अर्धी निवडतो. निवडताना दोघे जण असतात, एक चित्रकलेतला जाणकार आणि एक चित्रकलेशी काडीचा संबंध नसलेला. हा दुसरा माणूस फार उपयोगी पडतो, कारण चित्रकाराला स्वतःला सर्वांत अवघड वाटलेले चित्रच लावायचे असते आणि पाहणाऱ्याला बहुतेक वेळा दुसरेच आवडलेले असते.

पाळी कशी लावायची, यावरून खरी भांडणे होतात. नावे नोंदवून घ्यावीत, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवावा आणि तो वर्षभराचा क्रम फलकावर लावून टाकावा. यादीतील सर्वांची एकेक पाळी झाल्याशिवाय कोणालाही दुसरी मिळणार नाही, हा नियम अगदी लेखी हवा. माझ्या माहितीतल्या एका मंडळीत मोठी देणगी देणाऱ्या कुटुंबातील मुलाची चित्रे ठरलेली मुदत उलटूनही भिंतीवरच राहिली. उतरवा असे पाळकसाहेबांना सांगवेना, पंचांना सांगवेना, आणि ज्या बाईंची पाळी होती त्या आपल्या फ्रेम्स गुंडाळून घरी घेऊन गेल्या. तेथील उपक्रम त्या दिवशी संपला. म्हणून लावण्याच्या तारखेइतकीच उतरवण्याची तारीख महत्त्वाची समजावी आणि ती मोडण्याचा अधिकार कोणालाच ठेवू नये, पाळकांनाही नाही.

निवड पाहणाऱ्या दोघांनी आपल्या मुदतीत स्वतःचे काम लावू नये, हे वेगळे सांगायला नकोच. ज्यांच्याकडे एखाददुसरेच काम आहे अशांसाठी, आणि रविवारच्या शाळेतील मुलांसाठी, वर्षातून एकदा सामुदायिक प्रदर्शन ठेवावे. आम्ही ते कापणीच्या सणाला जोडून ठेवतो. तेव्हा निवड नाही, परीक्षक नाही, बक्षिसे तर मुळीच नाहीत.

उत्तर: सरळ बोलणारा (नाशिक)

क्षमस्व, पण हा सगळा खर्च कशासाठी? रेल, तारा, दिवे, फ्रेमा यांवर जाणारा पैसा धर्मग्रामातील गरजू मुलांच्या शुल्काला द्यावा. ज्यांना चित्रे काढायची आहेत ते घरी काढतातच, आणि त्यांना दाद हवी असेल तर फेसबुक मोकळे आहे.

प्रश्नकर्ता: माडाची सावली (वसई)

रंगपेटी सर आणि अक्षरवाट ताई, आपल्या दोघांच्या सूचना मी जशाच्या तशा कौन्सिलपुढे ठेवणार आहे. माणूस न नाकारता कामांमधून निवड करण्याची पद्धत दोन्ही गटांना मान्य होईल, असे वाटते. लग्ने सभागृहात होतात आणि स्वयंपाक मागच्या पडवीत होतो, तेव्हा त्या टोकाची जागा आम्ही सोडूनच देऊ.

नाशिककर बंधूंच्या आक्षेपाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. रेलचा खर्च एका कुटुंबाने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ उचलला आहे आणि फ्रेम ज्याची त्याने करायची आहे, त्यामुळे धर्मग्रामाच्या निधीला हात लागत नाही. फेसबुकविषयी म्हणाल तर, आमच्या क्रोशा विणणाऱ्या बहुतेक स्त्रिया साठीच्या पुढच्या आहेत. त्यांचे काम आजवर वेदीवर होते, सर्वांनी पाहिले, पण ते कोणी केले हे बहुतेकांना माहीत नाही. झालरीखाली नावाची चिठ्ठी लागावी, एवढ्यासाठीही हा उपक्रम मला करावासा वाटतो.

आता फादरांच्या शंकेकडे वळतो, कारण तिला नेमके कारण घडले आहे. कला महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या एका मुलीने पवित्र मारियेचे चित्र आणून दाखवले. त्यात मारियेने आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका नेसतात तसे लाल लुगडे नेसले आहे, पदर कमरेला खोचला आहे आणि बाळ येशूला कडेवर घेऊन ती बावखलातून पाणी भरते आहे. चित्र उत्तम आहे, याविषयी दुमत नाही. परंतु दोन ज्येष्ठ सभासदांनी ते पाहून असे चित्र धर्मग्रामात लावणे हा अनादर होईल, असे सांगितले आणि फादर पेचात पडले. कोणी मार्गदर्शन करू शकेल का?

उत्तर: पेठेतला वाचक (पुणे)

त्या ज्येष्ठ सभासदांना आन्जेलो द फोन्सेका यांची चित्रे दाखवावीत, असे मी सुचवीन. फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांतु इस्तेव बेटावर झाला, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले. साडी नेसलेली, भारतीय चेहऱ्याची मारिया त्यांनी काढली, तेव्हा गोव्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. ते पुण्यात आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून त्यांनी आपले बहुतेक आयुष्य चित्रे काढण्यात घालवले. १९६७ साली त्यांचे निधन झाले. ज्या चित्रांमुळे त्यांना गाव सोडावे लागले, त्यांचा मोठा संग्रह आज गोव्यातच, पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या जेझुइट संस्थेकडे जपलेला आहे. त्यांच्याच काळातील आन्जेला त्रिंदाद यांनीही ख्रिस्ती विषय भारतीय वळणाने रंगवले. त्यांचे वडील आन्तोनियो झेवियर त्रिंदाद जे. जे.मध्ये शिकवत असत. म्हणजे तुमच्या मुलीने काही आगळीक केलेली नाही, तिच्यामागे जवळपास शंभर वर्षांची परंपरा उभी आहे.

केवळ परंपरेचा दाखला पुरेसा वाटत नसेल, तर कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेला उपासनाविषयक दस्तऐवज फादरांकडे नक्कीच असेल. त्याचे सातवे प्रकरण पवित्र कलेला वाहिलेले आहे. ख्रिस्तसभेने (चर्चने) कोणतीही एक शैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही, आपल्या काळातील आणि सर्व वंशांच्या व प्रदेशांच्या कलेला तिच्यात वाव मिळावा, असा त्यातील १२३ व्या परिच्छेदाचा आशय आहे. त्याच्या लगतच्याच परिच्छेदात श्रद्धेला, नीतीला व भक्तीला बाधक ठरणारी किंवा कलेच्या दृष्टीने सुमार असलेली कामे देवाच्या मंदिरापासून दूर ठेवण्याची जबाबदारी बिशपांवर टाकलेली आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. लाल लुगड्यातली मारिया यांपैकी कशात बसते, हे त्या ज्येष्ठांना विचारावे.

दुसरा मुद्दा जागेचा आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९८३ च्या धर्मसंहितेच्या (कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या) १२१० व्या कलमानुसार पवित्र स्थळी केवळ उपासना, भक्ती व धर्म यांना पोषक अशाच गोष्टींना मुभा असते. त्या स्थळाच्या पावित्र्याशी विसंगत नसलेल्या अन्य वापराला धर्मप्रांताचे अधिकारी प्रसंगापुरती परवानगी देऊ शकतात. हे कलम देवळाला लागू आहे. साधे सभागृह, जे उपासनेसाठी समर्पित केलेले नाही, ते या अर्थाने पवित्र स्थळ ठरत नाही. म्हणून किल्ल्याची, पक्ष्यांची, बावखलांची चित्रे सभागृहात खुशाल लावावीत. देवळाच्या आत मात्र फिरते प्रदर्शन नेऊ नये. देवळातील चित्रासमोर लोक मेणबत्ती लावतात, गुडघे टेकतात. दोन महिन्यांनी ते उतरवून तेथे फ्लेमिंगोंचा फोटो लावला तर भाविक गोंधळतील, आणि त्यांचे चुकते आहे असे म्हणता येणार नाही.

याच कारणासाठी सभागृहातही एक पथ्य पाळावे. मारियेच्या चित्राखाली फुले, समई, मेणबत्ती ठेवू देऊ नये. ती ठेवली गेली की ते चित्र प्रदर्शनातले राहत नाही आणि उतरवायची तारीख आली की अक्षरवाट ताईंनी सांगितलेला प्रसंग वेगळ्या रूपात उभा राहतो.

उत्तर: गोधडीवाली (न्यू जर्सी)

माझे माहेर अहमदनगरचे (नवे नाव अजून तोंडात बसलेले नाही) आणि लग्नानंतर इकडे आल्यावर आम्ही घराजवळच्या मेथडिस्ट चर्चमध्ये जाऊ लागलो. अमेरिकेतील अनेक चर्चमध्ये असे प्रदर्शन ही अगदी नेहमीची बाब आहे. उपासनेनंतर कॉफीसाठी लोक ज्या दालनात जमतात, तेथील भिंती सभासदांच्या कामासाठी राखलेल्या असतात आणि एक छोटी समिती वर्षाचे वेळापत्रक सांभाळते. वरच्या उत्तरांत आले नाही तेवढेच लिहिते.

पहिली गोष्ट कापडी कामांची. माझ्या आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी आमच्या चर्चमध्ये लागली होती. गोधडीला चिमटे लावून टांगले तर तिचे सगळे वजन त्या दोन-चार ठिकाणी येते आणि जुने सूत तेथेच फाटते. तेथील बायकांनी मला दाखवले ते असे: गोधडीच्या वरच्या कडेला मागच्या बाजूने, संपूर्ण रुंदीभर, परकराला असतो तसा रुंद नेफा सुती कापडाचा शिवायचा, त्याचे टाके मागच्या थरातूनच घ्यायचे, पुढे दिसू द्यायचे नाहीत, आणि नेफ्यातून लाकडी पट्टी ओवून पट्टीची दोन टोके तारांना अडकवायची. वजन सगळीकडे सारखे वाटले जाते आणि उतरवल्यावर नेफा उसवला की गोधडी होती तशी. तुमच्या क्रोशाच्या मोठ्या कामांनाही हे चालेल, फक्त नाजूक झालरी मात्र कापड ताणलेल्या पाटीवर टाचून सपाट ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. काम लावण्यापूर्वी प्रत्येकाकडून एका पानावर सही घेतली जाते. चोरी, नुकसान, मुलांचा चेंडू लागणे यांबद्दल चर्च भरपाई देणार नाही, काम अमुक तारखेला न्यावे, विक्री झाल्यास अमुक हिस्सा चर्चला, इतकाच मजकूर असतो. आपल्या माणसांकडून सह्या कसल्या घ्यायच्या, असे आपल्याला वाटते. पण आपल्या माणसाची फ्रेम फुटली की बोलणे अधिक अवघड होते. किंमत चित्राखाली लिहू नये, विचारणाऱ्यासाठी यादी कार्यालयात ठेवावी. तुमच्याकडे चर्चची मालमत्ता न्यासाच्या नावे असेल तर विक्रीतला हिस्सा घेण्याआधी न्यासाचे हिशेब पाहणाऱ्या लेखापालाला विचारून घ्या.

तिसरी गोष्ट फादरांच्या धास्तीबद्दल. न्यूयॉर्कमधील वॉशिंग्टन स्क्वेअरच्या जडसन मेमोरियल चर्चने १९५० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या जागेत तरुण चित्रकारांसाठी जडसन गॅलरी सुरू केली आणि क्लेस ओल्डनबर्ग, जिम डाइन यांच्यासारख्यांची सुरुवातीची कामे तेथे लागली. त्याच चर्चमध्ये १९७० साली राष्ट्रध्वजाच्या विषयावर प्रदर्शन भरले, तेव्हा तीन कलावंतांना अटक झाली. हे उदाहरण तुम्ही गिरवावे म्हणून देत नाही. जडसनची गॅलरी बाहेरच्या कलावंतांसाठी होती आणि वाद ओढवून घेण्याची त्या चर्चची तयारी होती. तुमची भिंत सभासदांची आहे. राजकीय पक्ष, निवडणूक, हयात व्यक्तींची खिल्ली हे विषय नकोत, असे नियमांत आधीच लिहिले तर कोणालाही राग येणार नाही. एखादे चित्र पाहिल्यानंतर तसा नियम केला तर राग येणारच.

उत्तर: रंगपेटी (मुंबई)

नकलांचा प्रश्न कोणी काढला नाही, म्हणून पुन्हा लिहितो. हौशी चित्रकारांच्या कामांत कॅलेंडरवरून किंवा इंटरनेटवरून पाहून काढलेली येशूच्या पवित्र हृदयाची आणि अंतिम भोजनाची चित्रे भरपूर असतात. शिकण्यासाठी नक्कल करण्यात गैर काही नाही, पण चिठ्ठीवर "अमुक चित्रकाराच्या चित्रावरून" असे लिहिलेच पाहिजे. भारतात चित्रावरील स्वामित्व हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. पेठेतल्या वाचकांनी ज्यांचा उल्लेख केला त्या फोन्सेका यांच्या चित्रांवरचा हक्कही त्यामुळे २०२७ च्या अखेरपर्यंत आहे. तेव्हा त्यांच्या नकला करून विकायला ठेवू नयेत. जुन्या युरोपीय चित्रकारांबाबत हा प्रश्न येत नाही.

सभासदांच्या मूळ कामांचे फोटो धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकताना चित्रकाराचे नाव बरोबर जायला हवे. स्वामित्व हक्क कायद्याच्या ५७ व्या कलमाने आपले नाव कामासोबत राहावे आणि कामाची मोडतोड होऊ नये हा हक्क कलावंताला दिलेला आहे, आणि चित्र विकले तरी तो संपत नाही. फोटो कापून त्यावर सुप्रभातचा संदेश चिकटवणारे महाभाग प्रत्येक गटात असतात, त्यांना आवरावे.

चिठ्ठीवर नाव, गाव किंवा आळी, माध्यम, वर्ष आणि फार तर एक वाक्य असावे. त्या वाक्यात चित्राचा अर्थ सांगू नये. "आमच्या मागच्या बावखलाच्या काठावर बसून काढले" एवढे पुरते.

प्रश्नकर्ता: माडाची सावली (वसई)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल कौन्सिलची बैठक झाली. पहिले वर्ष पाच पाळ्यांचे ठरले आहे: पावसाळ्यात लाकूडकाम व क्रोशा, त्यानंतर फोटो, आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे) व नाताळात धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांची चित्रे, मग किल्ल्याचे व बावखलांचे जलरंग, आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात क्रूसाच्या वाटेवर (येशूच्या क्रूसापर्यंतच्या यातनांच्या प्रसंगांवर) आधारित सामुदायिक प्रदर्शन. चिठ्ठ्या टाकण्याऐवजी पहिल्या वर्षी हा क्रम हवामान आणि उपासनेचे वर्ष पाहून लावला आहे. पुढच्या वर्षापासून चिठ्ठ्या. विक्रीला पहिले वर्षभर बंदी आहे. लाल लुगड्यातली मारिया सामुदायिक प्रदर्शनात लागणार आहे. त्या दोन ज्येष्ठांपैकी एकांनी फोन्सेका यांची चित्रे मोबाइलवर पाहून होकार दिला. दुसऱ्यांचा विरोध कायम आहे आणि तो इतिवृत्तात नोंदवून घेतला आहे, कारण तसे त्यांनी सांगितले.

एक तांत्रिक शंका उरली आहे. क्रूस व मूर्ती कोरणाऱ्या गृहस्थांची कामे वजनदार आहेत, सर्वांत मोठा क्रूस साधारण बारा किलोचा आहे. तो त्याच रेलवर टांगता येईल का?

उत्तर: रंगपेटी (मुंबई)

रेल विकत घेताना दर मीटरला किती किलो भार पेलते, हे दुकानदाराकडून लिहून घ्या. हलक्या आणि जड अशा दोन्ही प्रकारच्या रेल मिळतात आणि हूक व तारेची क्षमता वेगळी मोजावी लागते. तरीही मोठ्या क्रूसासाठी मी रेल वापरणार नाही. त्याच्यासाठी भिंतीत दोन पक्के बोल्ट कायमचे बसवून घ्या, वर्षाच्या इतर काळात त्यांवर उपक्रमाच्या नावाची पाटी टांगता येईल. मूर्ती टांगू नका, छातीच्या उंचीच्या लाकडी चौरंगांवर ठेवा आणि प्रत्येकीचा तळ चौरंगाला खालून स्क्रूने आवळा. मुले मूर्ती उचलून पाहतातच.